पाहुणे येईपर्यंत वाजवा

मागच्या हिवाळ्यात लातूरच्या एका संगीत वर्गात मला बोलावलं होतं. सकाळची वेळ, सतरंजीवर पंधरा-वीस मुलंमुली, प्रत्येकाच्या हातात नवा कोरा माउथ ऑर्गन. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "सर, स्टेजवर वाजवताना काय काळजी घ्यायची तेवढं सांगा. पुढच्या महिन्यात यांचा कार्यक्रम आहे."

मी सांगितलं. वाजवण्याआधी बाजा मुठीत धरून ऊबदार करा, आतल्या पत्त्या गार असल्या की लवकर बोलत नाहीत. गोड खाऊन वाजवू नका, थुंकी चिकट होते. पान, सुपारी, शेंगदाणे तर नकोच. माइकपासून चार बोटं अंतर ठेवा. अवघड तुकड्यानं सुरुवात करू नका. मुलांनी भराभर मोबाइलवर टिपून घेतलं. दहा मिनिटांत माझं सांगून संपलं आणि मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. एवढ्याशा गोष्टी, पण त्या अंगात मुरायला माझी दहा-बारा वर्षं गेली होती. आणि ज्यांनी मला त्या शिकवल्या, त्यांनी जन्मात कधी माउथ ऑर्गन तोंडाला लावला नव्हता. ते लाउडस्पीकरवाले होते.

मी मूळचा अहमदपूरचा. वडिलांचं बाजारात किराणा दुकान. घर लिंगायत, कडक. एकदा काका हैदराबादहून येताना माझ्यासाठी माउथ ऑर्गन घेऊन आले. वडिलांना तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. वाजवण्याला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती तोंडात घालण्याला. दसऱ्याला तराजू, मापं, अडकित्ता, सगळ्यांची पूजा व्हायची. मी माझा बाजा पाटावर ठेवला तर त्यांनी तो फडक्यानं उचलून बाजूला केला. "उष्टी वस्तू देवापुढं मांडतात का रे?" म्हणाले. मी दुकानामागच्या गोदामात पोत्यांवर बसून वाजवायचो. शिकवणारं कुणी नव्हतं. फुंकलं की एक सूर, ओढलं की दुसरा, एवढ्या भांडवलावर मी सिनेमाची गाणी जुळवली.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी मी नुकताच मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. दुकानात माल नव्हता, गिऱ्हाईकही नव्हतं. सरकारी प्रचार पथकात वादक पाहिजेत असं कळलं. ऑफिस नांदेडला, पण फिरती आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यांत. मी जाऊन वाजवून दाखवलं. साहेबांनी डोकं हलवलं आणि मला घेतलं. खरं तर त्यांना पेटीवाला हवा होता, तो मिळाला नाही.

पथकात गाणारे एक शाहीर होते, ढोलकीवाला होता, झांजवाला होता, आणि माइक सांभाळणारे मामू होते. मामू नांदेडचेच. साठीच्या आसपासचे, बारीक, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर सदा वायरचं वेटोळं. बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे ही त्यांची सगळी दौलत. जीपमध्ये ते भोंगे मांडीवर घेऊन बसायचे.

शाहिरांची गायची पट्टी एक आणि माझ्या बाजाची दुसरी. पेटी असती तर पट्टी बदलता आली असती. माउथ ऑर्गन ज्या पट्टीचा असतो त्याच पट्टीचा राहतो. त्यामुळं शाहिरांच्या गाण्यात मला जागा नव्हती. माझं काम एवढंच ठरलं, की कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एकट्यानं वाजवून माणसं गोळा करायची.

पहिला कार्यक्रम देगलूरला, आठवडी बाजारात. मी माइकला तोंड चिकटवून जीव खाऊन फुंकलं. भोंग्यातून अशी शिट्टी निघाली की बाजारातले बैल उधळले. माणसं हसली. एक जण तेलुगूत काहीतरी बोलला आणि त्याच्या आजूबाजूचे आणखी हसले. मी खाली उतरलो तेव्हा कान तापले होते. मामू वायर गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "बाजेवाले, तुझ्या कानात कुनी वरडलं तर तुला चांगलं वाटंल का?"

"न्हाई."

"मग माइकच्या कानात कायकू वरडतो? माइक म्हंजे लोकांचा कानच हाय, समज. चार बोटं लांब राह्य. आन दोन्ही हातानं माइकला झाकू नक्को. झाकला की तो शिट्टी मारतोच."

तेव्हापासून मामू मला शिकवू लागले. शिकवतोय असं त्यांनी कधी म्हटलं नाही. जीप उन्हातान्हातून चाललेली असायची आणि ते मधूनच एखादं वाक्य टाकायचे. "तू श्वास घेतो ते भोंग्यातून आयकू येतं. मान जराशी फिरवून घे." दोन दिवसांनी दुसरं. "डोळे मिटून वाजवू नक्को. तू डोळे मिटले की लोक एकमेकांकडं बघत्यात." एकदा मी सुरुवातीलाच एक अवघड तुकडा वाजवायला घेतला आणि घसरलो. मामू म्हणाले, "लोक आधी तुझं तोंड बघत्यात, मग आयकत्यात. ते बघून होस्तोवर सोपं वाजव." चाळीस वर्षं भोंग्याखाली बसून त्यांनी भाषणं, कव्वाल्या, भजनं, लग्नातले सनई-चौघडे ऐकले होते. कोण कुठं पडतो आणि कशानं पडतो, ते त्यांना पाठ होतं.

पण माझी खरी अडचण दुसरीच होती. माउथ ऑर्गन वाजवण्याआधी खळखळून चूळ भरावी लागते. दातातला एक कण आत गेला तरी पत्ती अडकते आणि नेमका तोच सूर मुका होतो. आणि त्या वर्षी पाणीच नव्हतं.

आमचे कार्यक्रम बहुतेक दुष्काळी कामांवर असायचे. खडी फोडायचं काम, पाझर तलावाचं काम, रस्त्याचं काम. दुपारच्या सुट्टीत बाया-माणसं सावली शोधून बसायची, पोटाला म्हणून मिळणाऱ्या सरकारी सुकडीची वाटणी चाललेली असायची, आणि आमची जीप जाऊन उभी राहायची. शाहीर विहिरींवर गायचे, बचतीवर गायचे, लहान कुटुंबावर गायचे. खडीची पांढरी धूळ सगळ्यांच्या पापण्यांवर बसलेली असायची. माझ्या बाजातही जायची. संध्याकाळी मी वरचे पत्रे उघडून जुन्या ब्रशनं एकेक पत्ती झाडायचो.

जळकोटच्या पुढं एका खडीच्या कामावर आम्ही गेलो होतो. टँकर येऊन गेला होता, म्हणून जीपवाल्यानं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी नेहमीसारखा बाजूला गेलो, चूळ भरली, थुंकलो, परत भरली, परत थुंकलो. सवयीनं तिसऱ्यांदाही. मागं वळलो तर एक बाई उभी होती. हातात रिकामी कळशी, कडेवर लेकरू. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. मी थुंकलेल्या पाण्यानं जमीन जेवढी ओली झाली होती तिकडं ती बघत होती.

"थुकून टाकून राह्यलास व्हय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "तेवढ्यात माझं लेकरू पेलं असतं की रे दादा."

तांब्यात तळाशी घोट-दोन घोट उरले होते. मी तो पुढं केला. तिनं लेकराच्या तोंडाला लावला, पदरानं पुसून मला परत दिला आणि सावलीत जाऊन बसली. मला वाजवायचंच होतं, मी वाजवलं. समोर तीच बसलेली. मामूंनी डोळे मिटायचे नाहीत असं शिकवलं होतं, म्हणून मिटले नाहीत. कोणती चाल वाजवली ते आज आठवत नाही, पण तिनं मांडीवर थोपटत लेकराला निजवलं ते आठवतं.

परतीच्या वाटेवर मामूंना सगळं सांगितलं. मामूंनी मांडीवरचे भोंगे सावरले. मग म्हणाले, "चूळ कायकू भरावी लागते? तू खातो म्हणून. नक्को खाऊ."

"म्हंजे?"

"सकाळी घरी दात घास, जेवढं पानी लागतं ते घरीच वापर. मग वाजवून होस्तोवर तोंडात काय घालू नक्को. रोजा समज. चार वाजता जेव."

मी तसंच करू लागलो. पहाटे एकदा तोंड धुतलं की दुपारचा कार्यक्रम होईपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही, कारण पाणी प्यालं की पुन्हा बिस्किट खावंसं वाटायचं, भाकरी खावीशी वाटायची. ओठ फुटायचे. कोरडा ओठ बाजावरून सरकत नाही, चिकटतो, आणि ओढला की साल निघते. मामूंनी एरंडेलाची छोटी शिशी दिली. चव वाईट, पण ओठ सरकायला लागले. त्या उन्हाळ्यात मी इतका वाळलो की सुट्टीत मी घरी गेल्यावर आईनं मला दाराबाहेरच उभं करून आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

दुष्काळ सरला, पण माझी ती सवय राहिली. पथकही राहिलं. दहा वर्षं मी त्याच जीपमधून फिरलो. लग्न झालं, बायको अहमदपूरला, मी नांदेडला. आठवड्यातून एकदा एसटीनं घरी. शाहिरांचा आवाज बसला, ढोलकीवाला सोडून गेला, दुसरा आला. मामूंचे भोंगे तेच होते. एकाला चीर गेली होती, ती त्यांनी डांबरानं बुजवली होती.

मग लातूर जिल्हा झाला. गावागावात पेढे वाटले, फटाके वाजवले. माझे वडील कधी राजकारणात न पडणारे, पण त्यांनीही दुकानावर तोरण बांधलं. लोक म्हणायचे, आता कलेक्टर इथंच बसणार, आता उस्मानाबादला खेटे नकोत, आता पाणीसुद्धा येईल. आमच्या ऑफिसात मात्र साहेबांनी एक कागद समोर सरकवला. "नव्या जिल्ह्याला पथक द्यायचंय. तुम्ही अहमदपूरचे. जाता का?"

जायलाच हवं होतं. घर तिकडं होतं, मुलं शाळेत घालायची होती. मामू म्हणाले, "जा बाजेवाले. घरची भाकर ताजी ऱ्हाते." ते नांदेडचे, ते नांदेडलाच राहिले. निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदे धरून उभं केलं आणि शर्टाच्या खिशात एरंडेलाची नवी शिशी घातली. ती उन्हानं गरम झाली होती.

लातूरला माझा पहिला कार्यक्रम नव्या जिल्ह्याच्या समारंभातला होता. मोठं मैदान, मोठा मंडप, कंत्राटदाराचे माणसाच्या उंचीचे स्पीकर. मला एकट्याची पाच मिनिटं दिली होती, कार्यक्रमपत्रिकेत छापून. इतक्या वर्षांत माझा बाजा कधी कुठल्या कागदावर छापला गेला नव्हता. महिनाभर मी ती एक चाल बसवत होतो. बायकोनं शर्टाला घरीच इस्त्री केली. मी नेहमीप्रमाणे पहाटे तोंड धुतलं, आणि काही न खाता-पिता दुपारी एकला मैदानावर जाऊन बसलो. पाहुणे दोनला येणार होते.

तीन वाजले. मंडपात माणूस मावेना. उन्हानं कापड तापलं होतं, बाया लेकरांना पदरानं वारा घालत होत्या, मागच्या बाजूला लोक उठायला लागले. आमचे नवे साहेब घाम पुसत माझ्याकडं आले. "तुम्ही ते वाजवता ना? चढा वर. पाहुणे येईपर्यंत वाजवा."

"साहेब, माझं पत्रिकेत आहे ना, नंतर..."

"ते बघू नंतर. आत्ता लोक बसले पाहिजेत."

मी वर चढलो. तो माइक मला नवा होता, फार तेज. चार बोटं अंतर पुरेना, मी वीतभर मागं सरलो. सोप्या चालीनं सुरुवात केली. लोक माझं तोंड बघायचे थांबले आणि ऐकू लागले. उठणारे बसले. एक चाल झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी खालच्या बाजूला साहेबांकडं बघायचो, ते हातानं खूण करायचे, चालू द्या. पहिल्या अर्ध्या तासात मला येणारी सगळी गाणी संपली. मग तीच परत. मग भजनं. मग लग्नातल्या मंगलाष्टकांची चालही वाजवली. कुणाच्या लक्षात आलं नसावं. दोन-चार बाया तेवढ्या हसल्या.

तासाभरानं खालच्या ओठाची साल निघाली. तोंडात रक्ताची चव येऊ लागली आणि ओढायचा एक सूर मुका झाला. आत थुंकी साठली होती. लोकांसमोर बाजा झटकायचा नाही, हे मामूंनी बजावलेलं. मी पाठ फिरवून तळहातावर ठोकला, तरी तो सूर बोलला नाही. मग तो सूर टाळून वाजवत राहिलो. राहता राहिली ती महिनाभर बसवलेली चाल. ती मी राखून ठेवली होती, पाहुण्यांसाठी नव्हे, माझ्या त्या पाच मिनिटांसाठी. पण आता दुसरं काही उरलं नव्हतं. मी ती सुरू केली. आश्चर्य म्हणजे ती बरी वाजत होती, मुका सूर तीत फक्त एकदाच लागायचा. मंडप शांत झाला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हनुवटी काठीवर टेकून ऐकत होता.

मध्यावर आलो आणि मैदानाच्या फाटकापाशी गाड्यांचा धुरळा उठला. सगळी डोकी तिकडं वळली. साहेब धावत व्यासपीठावर आले आणि माझ्या कोपराला धरून म्हणाले, "बस, बस, झालं. उतरा."

मी सूर अर्धा टाकून उतरलो. हार, स्वागत, भाषणं सुरू झाली. पत्रिकेतली माझी पाच मिनिटं वेळेअभावी रद्द झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, वाटायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. मंडपामागं पाण्याच्या टाकीजवळ मी उकिडवा बसलो आणि नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत राहिलो. ओठाला पाणी लागलं की झोंबायचं.

पंधरा दिवसांनी कामानं नांदेडला गेलो. मामू जावयाच्या सायकल दुकानात बाकड्यावर बसले होते. चहा मागवला. मी सगळं सांगितलं, साहेब, माइक, मुका सूर, धुरळा. शेवटी न राहवून म्हणालो, "मामू, दीड तास वाजवलं. एक माणूस उठला न्हाई."

मामूंनी बशीतला चहा फुंकला. "ते तुझ्यासाठी बसले नव्हते रे. पाव्हण्यासाठी बसले होते."

मला ते लागलं. मामूंनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "पन तुझा बाजा थांबून पाव्हना आल्यावर मंडपातलं लेकरू रडायला लागलं असंल बघ."

खरंच तसं झालं होतं का, मला आठवेना. मी म्हणालो, "हाव, लागलं असंल." मग सायकलच्या ट्यूबच्या, माझ्या मुलांच्या, त्यांच्या गुडघ्याच्या गोष्टी निघाल्या. त्यानंतर दोन-तीनदाच आमची भेट झाली. ते गेल्याचं मला महिन्यानं कळलं, तेव्हा मी उदगीरकडं दौऱ्यावर होतो.

लातूरला मी निवृत्तीपर्यंत नोकरी काढली. पथकं हळूहळू बंद झाली, टीव्ही आला, आम्हाला टेबलं दिली. मी आवक-जावक लिहायला बसलो. घरी कधीमधी वाजवायचो, दुपारी, सगळे झोपले असताना, फार हळू.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात चहा-चिवडा झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. नवे साहेब भाषणात म्हणाले की मी फार प्रामाणिकपणे काम केलं. मग खाली बसताना त्यांनी शेजारच्या क्लार्कला विचारलं, "हे पूर्वी काहीतरी वाजवायचे ना?"

"हो साहेब. बासरी."

मी दुरुस्त केलं नाही. चिवडा चांगला होता, आणि आता तो खायला वाजवून होईपर्यंत थांबायचं नव्हतं. मी आणखी एक बशी घेतली.